अचानक एका कानाला दडा बसून ऐकू कमी येऊ लागले : कारणे कोणती असू शकतात आणि किती थांबावे?

कृष्णाकाठ (सांगली) | मंगळवार, सकाळ

माझे यजमान चौपन्न वर्षांचे असून मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाचे काम पाहतात. त्यांना मधुमेह आहे आणि तो गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात असतो. रविवारी सकाळी उठल्यापासून त्यांच्या उजव्या कानाला दडा बसला आहे. घाट चढताना बसतो तसाच तो वाटतो, परंतु आवंढा गिळून, जांभई देऊन किंवा नाक दाबून फुंकूनही सुटत नाही. त्या कानात बारीक गुंई असा आवाज सतत चालू असतो. फोन उजव्या कानाला लावला तर समोरचा माणूस बोलतो आहे एवढे कळते, शब्द मात्र लागत नाहीत. कान दुखत नाही, वाहत नाही, तापही नाही. आदल्या आठवड्यात त्यांना साधी सर्दी होऊन गेली होती.

सोमवारी जवळच्या दवाखान्यात दाखवले. कानात बत्ती मारून पाहिल्यावर ‘कान स्वच्छ आहे, सर्दीने भरला असेल’ असे सांगून नाकात घालायचे थेंब आणि गोळ्या दिल्या व आठवड्याने यायला सांगितले. घरी सासूबाईंचे म्हणणे असे की आत मळ साचला असेल, तेव्हा लसणाच्या पाकळ्या टाकून कोमट केलेले तेल रात्री कानात सोडावे. मला दोन गोष्टी जाणकारांना विचारायच्या आहेत. असा बदल अचानक होण्याची कारणे कोणकोणती असू शकतात, आणि आठवडाभर थांबणे योग्य आहे का?

संगम_माहुली (सातारा) | मंगळवार, सकाळ

ताई, अंघोळीनंतर किंवा नदीत पोहल्यानंतर कान एकाएकी बंद झाला, तर बहुतेक वेळा मळच असतो. कानातला मळ हळूहळू साचत जातो, पण फटीएवढी वाट मोकळी असेपर्यंत ऐकू येत राहते. पाणी शिरले की मळ फुगतो, उरलेली वाट बुजते आणि माणसाला वाटते की कान आत्ताच बंद झाला. माझ्या वडिलांच्या बाबतीत असेच झाले होते. तज्ज्ञांनी मळ काढल्याबरोबर त्यांना पूर्ववत ऐकू येऊ लागले. मात्र काडी, केसांची पिन किंवा कापसाची बड घालून स्वतः काढू नये, कारण त्याने मळ पडद्याकडे ढकलला जातो. तुमच्या यजमानांचा कान डॉक्टरांनी स्वच्छ असल्याचे सांगितले आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे कारण नसावे असे मला वाटते.

पसरणीचा_घाट (वाई) | मंगळवार, सकाळ

मी वाई ते महाबळेश्वर या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो, त्यामुळे कानाला दडे बसणे हा आमच्या गाडीतला रोजचा विषय आहे. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर आहे आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोहोचेपर्यंत आपण सुमारे १३०० मीटरवर जातो. बाहेरच्या हवेचा दाब एवढ्या थोड्या वेळात कमी होतो, पण पडद्यामागच्या पोकळीतली हवा तशीच असते. ती बाहेर पडायला नाकाच्या मागच्या बाजूला उघडणारी एक बारीक नळी असते आणि आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती उघडते. सर्दी झाली असेल तर नळीचे तोंड सुजलेले असते आणि दडा सुटत नाही. उतरताना हा त्रास अधिक होतो, कारण आतली हवा बाहेर जाणे सोपे असते, बाहेरची आत ओढून घेणे अवघड जाते. सर्दी असलेल्या प्रवाशांना मी खाली उतरताना गोळी चघळायला सांगतो आणि तान्ह्या मुलांना त्या वेळी दूध पाजायला सांगतो. ताई, यजमान शनिवारी कुठे घाटातून किंवा विमानाने आले होते का?

कृष्णाकाठ (सांगली) | मंगळवार, सकाळ

नाही. शनिवारी ते यार्डातून घरी आले, जेवले आणि झोपले. झोपेपर्यंत कान ठीक होता.

नादकाटा (मिरज) | मंगळवार, दुपार

कृष्णाकाठ ताई, मी मिरजेत श्रवणचाचण्यांचे काम करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते निकडीचे आहे. आठवडाभर थांबू नका. आज जमले तर आजच, नाही तर उद्या सकाळी यजमानांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि त्याच भेटीत ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख काढणारी चाचणी, करून घ्या. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचे सिव्हिल किंवा एखादा खासगी तज्ज्ञ, जिथे लवकर नंबर लागेल तिथे जा. चिठ्ठी करताना ‘कान दुखतो’ असे न सांगता ‘रविवारपासून एका कानाने अचानक ऐकू कमी येते’ असे स्पष्ट शब्दांत सांगा, म्हणजे तुम्हाला ताटकळावे लागणार नाही.

आता कारणांकडे वळते. दडा बसल्याची जाणीव बाहेरचा कान, मधला कान आणि आतला कान या तिन्ही भागांतल्या बिघाडांत होते आणि ती तिन्ही वेळा इतकी सारखी असते की केवळ जाणिवेवरून कोणालाही फरक सांगता येत नाही. बाहेरच्या नळीत मळ, पाणी, बुरशी, सूज किंवा विसरलेला कापसाचा बोळा असू शकतो. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशीचे रुग्ण बरेच येतात. त्यांच्या कानाला खाज असते आणि आत काळपट किंवा पांढुरका थर दिसतो. मधल्या कानात नाकामागे उघडणाऱ्या नळीची सूज, पडद्यामागे साचलेले पाणी, पू किंवा पडद्याला पडलेले छिद्र ही कारणे असतात. या दोन्ही भागांत आवाज आतपर्यंत पोहोचत नाही एवढाच दोष असतो आणि अडथळा दूर झाला की ऐकणे बहुधा सुधारते.

आतल्या कानाची गोष्ट वेगळी आहे. तिथे शंखाच्या आकाराच्या कर्णावर्तात सूक्ष्म केसपेशी असतात आणि त्या आवाजाचे रूपांतर मज्जातंतूच्या संदेशात करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. शिवाय या भागाला रक्त पुरवणारी धमनी एकटीच असते आणि तिला दुसरीकडून पर्यायी वाट मिळत नाही. आतल्या कानाला किंवा त्याच्या मज्जातंतूला इजा झाली, तरी माणसाला वाटते ते एवढेच की कान भरला आहे. बत्ती मारून पाहिले तर नळी मोकळी आणि पडदा चकचकीत दिसतो. इथेच घात होतो, कारण स्वच्छ पडदा पाहून रुग्णालाही बरे वाटते आणि डॉक्टरांनाही सर्दीचे कारण पटते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. ऐकू अचानक कमी झाले असेल आणि कान स्वच्छ दिसत असेल, तर काळजी वाढली पाहिजे, कारण सहज बरी होणारी कारणे त्या स्वच्छ कानाने बाजूला सारलेली असतात.

घरी करता येईल अशी एक साधी परीक्षा सांगते. तोंड मिटून ‘म्म्म’ असा लांब हुंकार काढायचा आणि तो कोणत्या कानात मोठा वाटतो ते पाहायचे. दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल, तर हुंकार बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू येतो. निरोगी माणसाने एका कानात बोट घालून हुंकार दिला तर हे लगेच पटते. दोष आतल्या कानात असेल, तर हुंकार चांगल्या कानाकडे जातो. दवाखान्यात हीच परीक्षा ५१२ हर्ट्झचा नादकाटा, म्हणजे ठोकल्यावर एकाच स्वरात कंप पावणारा धातूचा दुबेळका, कपाळावर टेकवून केली जाते. हुंकाराने निदान पक्के होत नाही आणि उत्तर काहीही आले तरी ऑडिओग्राम टाळू नये.

आतल्या कानाचे ऐकणे ७२ तासांच्या आत, ऑडिओग्रामवरच्या लागोपाठच्या किमान तीन कंप्रतांवर (म्हणजे आवाजाच्या जाड-बारीक पट्ट्यांवर; खालच्या कंप्रता जाड आवाजाच्या, वरच्या बारीक आवाजाच्या) ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक उतरले, तर त्याला अचानक आलेला संवेदी-चेतासंबंधी बहिरेपणा म्हणतात. तो बहुधा एकाच कानाला येतो आणि पुष्कळ जणांच्या लक्षात सकाळी उठल्यावर येतो. विषाणूची बाधा, रक्तपुरवठ्यातील अडथळा, स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला आणि श्रवणाच्या मज्जातंतूवरची साधी, कर्करोगाची नसलेली गाठ ही संभाव्य कारणे मानली जातात, परंतु दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. जून २०२४ मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी स्वतः जाहीर केले होते की विमानातून उतरल्यावर त्यांना एकाएकी ऐकू येईनासे झाले आणि विषाणूच्या बाधेमुळे आलेला याच प्रकारचा दोष असल्याचे डॉक्टरांनी निदान केले. काही रुग्णांचे ऐकणे आपोआपही सुधारते. मात्र कोणाचे सुधारेल हे आधी ओळखता येत नाही आणि उपचाराची मुदत थोडी असते, म्हणून घाई करायची.

एक लक्षण वेगळे काढून सांगते. ऐकू कमी होण्याबरोबर तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, दोन-दोन दिसणे किंवा उभेच राहता न येण्याइतकी भोवळ यांपैकी काहीही असेल, तर ते पक्षाघाताचे असू शकते. अशा वेळी कानाच्या डॉक्टरांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तेल तूर्त अजिबात घालू नका. त्याची कारणे हवी असतील तर स्वतंत्र लिहीन.

कृष्णाकाठ (सांगली) | मंगळवार, दुपार

हुंकार डाव्या, म्हणजे चांगल्या कानात मोठा येतो असे ते सांगतात. त्यांना विचारले तर भोवळ थोडी आहे, पण चालता येते. तोंड आणि हात-पाय व्यवस्थित आहेत. आज संध्याकाळची वेळ मिळाली आहे. ताई, मनापासून आभार.

धोटा (विटा) | मंगळवार, दुपार

आमच्या विट्यात यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्या माणसांत ऐकू कमी येणे घरोघरी आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. मागाच्या आवाजाने होणारा बहिरेपणा दोन्ही कानांना जवळजवळ सारखा येतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. आधी बारीक आवाज जातात. घड्याळाचा गजर, कुकरची शिट्टी, लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट होत जाते. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही कामगारांसाठी मर्यादा मानतात आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की तो वेळ निम्मा करावा लागतो. याचा अर्थ ९१ डेसिबलला दोनच तास उरतात.

आवाजाने कान अचानकही बसतो, परंतु त्याला तसेच निमित्त असते. मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर नाचून आलेल्या पोरांचे कान रात्री भरलेले असतात आणि त्यात गुंई वाजत असते. बहुतेकांना एक-दोन दिवसांत मोकळे वाटते, पण त्यावरून इजा झालीच नाही असे समजू नये. कानाजवळ सुतळी बॉम्ब फुटल्यास मात्र पडदा फाटण्यापासून आतल्या पेशी कायमच्या जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मिरवणुकांनी ती पाळावी, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

गवती_चहा (कराड) | मंगळवार, संध्याकाळ

नादकाटा ताईंच्या ज्ञानाविषयी आदर राखून लिहिते. कानात तेल घालणे ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आयुर्वेदात कर्णपूरण सांगितले आहे आणि आमच्या घरी लहान-मोठ्यांच्या कानांत तेल घालत आले आहेत. कोणालाही त्रास झालेला नाही. मग एकदम ‘अजिबात नको’ असे म्हणणे योग्य आहे का?

नादकाटा (मिरज) | मंगळवार, रात्र

गवती_चहा ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. निरोगी कानात, पडदा शाबूत असताना, कोमट तेलाचे दोन थेंब पडले तर बहुतेकांना काही होत नाही, आणि कडक मळ मऊ करण्यासाठी आम्हीही तेलकट थेंब सुचवतो. वैद्यही कान तपासूनच कर्णपूरण करतात. माझा आक्षेप न तपासलेल्या कानात घरगुती तेल घालण्याला आहे. पडद्याला छिद्र असेल तर ते तेल मधल्या कानात उतरते आणि कान वाहू लागतो. लसणाच्या तेलाने नळीची नाजूक त्वचा भाजलेले रुग्ण मी पाहिले आहेत, कारण लसूण मुळातच दाहक आहे आणि कोमट म्हणून घातलेले तेल पुष्कळदा चांगले गरम असते. बुरशी असेल तर ओलसर, तेलकट कानात ती वाढते. तपासणीच्या दिवशी नळी तेलाने माखलेली असेल, तर पडदा दिसत नाही आणि आधी सफाई करण्यात वेळ जातो.

त्याहून मोठा तोटा असा की तेल घातले म्हणजे उपाय चालू आहे असे घरच्यांना वाटते आणि चार-आठ दिवस निघून जातात. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी कितीतरी जण तेल, शेक आणि वाफ यांत मुदत संपवून आलेले असतात. मला या धाग्यावर सगळ्यांत तळमळीने काही सांगायचे असेल तर ते हेच आहे.

कृष्णाकाठ (सांगली) | बुधवार, सकाळ

काल रात्री उशिरा परतलो, म्हणून आज लिहिते. डाव्या कानाचा आलेख सर्व कंप्रतांवर २५ डेसिबलच्या आत, म्हणजे वयाच्या मानाने चांगला आहे. उजव्या कानाचा मात्र खालच्या कंप्रतांवर ४० आणि वरच्या बाजूला ७० डेसिबलपर्यंत उतरला आहे. पडद्याची हालचाल पाहणारी दुसरी चाचणी पूर्णपणे ठीक आली, त्यामुळे मधल्या कानात पाणी नाही हे नक्की झाले. आतल्या कानाचाच दोष आहे असे डॉक्टरांनी सांगितले. स्टिरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू केल्या आहेत, एमआरआय सांगितला आहे आणि साखर दिवसातून चार वेळा तपासून वहीत लिहायला सांगितली आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांशी ते स्वतः फोनवर बोलले आणि काही दिवस इन्सुलिन लागेल असे ठरले.

आता घरात नवीन चिंता आहे. स्टिरॉइड हे नाव ऐकूनच सगळे घाबरले आहेत. त्यातून मधुमेह. शिवाय गरज पडली तर कानातून इंजेक्शन देऊ असे डॉक्टर म्हणाले, ते काय असते?

कान_नाक_घसा (कराड) | बुधवार, दुपार

मी याच शाखेत काम करतो. इथे कोणाही रुग्णाच्या औषधाची मात्रा सांगणार नाही आणि इतरांनीही ती लिहू नये अशी विनंती आहे. आपल्या डॉक्टरांनी उचललेली पावले मला योग्य वाटतात.

सर्वसाधारण माहिती अशी आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने या आजारासाठी २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१९ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत स्टिरॉइड हा पहिला उपचार म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत देता येतो असे म्हटले आहे. सुधारणा अपुरी राहिली, तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पडद्यातून मधल्या कानात स्टिरॉइड सोडावे असे सुचवले आहे. पडदा औषधाने बधिर करून बारीक सुईने हे औषध सोडतात आणि रुग्णाला तो कान वर करून अर्धा तास स्वस्थ झोपवतात. त्या वेळात बोलायचे आणि गिळायचे टाळावे लागते, नाही तर औषध नळीतून घशात उतरते. थोडी भोवळ किंवा चमक येऊ शकते. या मार्गाने औषध रक्तात फारसे जात नाही, त्यामुळे साखर हाताबाहेर जात असेल अशा रुग्णात कधी कधी सुरुवातच इंजेक्शनने करतात.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की स्टिरॉइड घेतलेल्या प्रत्येकाचे ऐकणे परत येते असे नाही. आजार जितका खोल, भोवळ जितकी जास्त, वय जितके अधिक आणि उशीर जितका मोठा, तितकी शक्यता कमी होते. शुद्ध प्राणवायू उच्च दाबाच्या कक्षात देण्याचा उपचारही स्टिरॉइडच्या जोडीने करतात, परंतु ती सोय मोजक्या ठिकाणीच असते. विषाणुरोधक गोळ्या आणि रक्तवाहिन्या रुंद करणारी औषधे सरसकट देऊ नयेत असे त्याच सूचनांत आहे, तरीही चिठ्ठ्यांत ती सर्रास दिसतात, याचे मला वाईट वाटते.

एमआरआय टाळू नका. मज्जातंतूवरची गाठ फार थोड्या रुग्णांत निघते, पण ऐकणे सुधारले म्हणून ती नाहीच असे ठरत नाही. स्टिरॉइड मनाने बंदही करू नका. ती टप्प्याटप्प्याने कमी करतात.

जावळीची_वाट (मेढा) | बुधवार, रात्र

हा धागा वाचताना माझा आजार आठवत होता, म्हणून वेगळ्या कारणाची नोंद करते. मला मेनिएरचा आजार आहे. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये असे दाखवून दिले की भोवळीचे असे झटके मेंदूतून न येता आतल्या कानातून येऊ शकतात. त्यावरून हे नाव पडले. यात कर्णावर्तातील द्रवाचा फुगवटा होतो. माझा डावा कान आधी भरत जातो, मग त्यात घरघर सुरू होते, जाड आवाज ऐकू येईनासे होतात आणि त्यानंतर घर फिरू लागते. भोवळ काही तास टिकते आणि उलट्या होतात. ती थांबली की ऐकणे बरेचसे परत येते, निदान सुरुवातीच्या काळात यायचे. भरणे, सुटणे आणि पुन्हा भरणे ही त्याची ओळख आहे.

मीठ कमी करणे हा मला सांगितलेला पहिला उपाय होता. वरून मीठ न घेणे सोपे गेले, पण पापड, लोणचे, सांडगे, खारे शेंगदाणे आणि फरसाण सोडणे अवघड गेले. भोवळीच्या काळात मी दुचाकी चालवत नाही, विहिरीवर जात नाही आणि शिडीवर चढत नाही. शिक्षिका असल्यामुळे वर्गात डाव्या बाजूच्या मुलांचे बोलणे निसटते, म्हणून मी टेबल डाव्या कोपऱ्यात हलवून घेतले आहे.

द्राक्षबाग (तासगाव) | गुरुवार, सकाळ

औषधांमुळेही असे होते, हे कोणी लिहिले नाही. माझ्या चुलत्यांना क्षयरोगासाठी पूर्वी इंजेक्शने दिली होती आणि त्यानंतर त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागले. ही औषधे नेमकी कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

नादकाटा (मिरज) | गुरुवार, दुपार

स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन आणि जेन्टामायसिन या गटातली इंजेक्शने आतल्या कानाच्या केसपेशींना इजा करू शकतात. काहींच्या पेशींत, आईकडून आलेला असा एक आनुवंशिक दोष असतो की थोड्या मात्रेनेही त्यांचे ऐकणे जाते. म्हणून आजोळी कोणाला इंजेक्शनांनंतर बहिरेपणा आला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कर्करोगावरचे सिसप्लॅटिनही कानाला घातक ठरू शकते. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनने आणि क्विनाइनने कानात आवाज येऊन ऐकणे उतरते, पण औषध थांबवल्यावर ते सहसा परत येते. अशी औषधे जीव वाचवण्यासाठी दिलेली असतात, त्यामुळे ती स्वतः बंद करू नयेत. उपचाराआधी आणि उपचार चालू असताना ऑडिओग्राम करून घ्यावा. क्षयावरच्या नव्या उपचारपद्धतींत ही इंजेक्शने आता बरीच मागे पडली आहेत.

आर्याची_आई (पलूस) | गुरुवार, दुपार

माझी मुलगी दुसरीत आहे. सर्दी झाली की ती टीव्हीचा आवाज वाढवते आणि हाक मारली तरी वळत नाही. शाळेतून ‘लक्ष नसते’ अशी तक्रार आली आहे. तिलाही आतल्या कानाचा त्रास असेल का?

नादकाटा (मिरज) | गुरुवार, संध्याकाळ

तुमच्या वर्णनावरून पडद्यामागे पाणी साचत असण्याची शक्यता अधिक वाटते. मुलांची युस्टेशियन नलिका, म्हणजे मधल्या कानातून नाकामागे उघडणारी ती नळी, आखूड आणि आडवी असते, नाकामागचे ॲडेनॉइड नावाचे मांसल गोळे वाढलेले असतात आणि प्रत्येक सर्दीत मधल्या कानात पाणी धरते. मुले कान भरल्याचे सांगत नाहीत, ती नुसती गप्प किंवा हट्टी दिसतात. बहुतेकांचे पाणी आपोआप ओसरते, परंतु ते तीन महिन्यांहून अधिक राहिले तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो. तिला रागावण्याआधी तिची श्रवणचाचणी आणि पडद्याची चाचणी करून घ्या आणि तोवर शाळेत पुढच्या बाकावर बसवायला सांगा. गालगुंड झालेल्या मुलाचा एक कान मात्र एकाएकी आणि कायमचा जाऊ शकतो, तेव्हा त्या आजारानंतर दोन्ही कान वेगवेगळे तपासावेत.

मोठ्या माणसाबाबत एक वेगळी सूचना आहे. प्रौढ व्यक्तीच्या एकाच कानात पाणी साचले आणि ते आठवड्यांमागून आठवडे उतरत नसेल, तर नाकामागची जागा दुर्बिणीने पाहून घ्यावी. नळीच्या तोंडाशी वाढलेली गाठ याच एका लक्षणाने प्रथम जाणवू शकते.

कृष्णाकाठ (सांगली) | पुढील महिन्यात

बऱ्याच जणांनी विचारपूस केली, म्हणून कळवते. एमआरआय स्वच्छ आला. गोळ्यांच्या पहिल्या टप्प्यानंतर खालच्या आणि मधल्या कंप्रतांवर चांगली सुधारणा दिसली, वरच्या कंप्रता तशाच होत्या, म्हणून कानातली इंजेक्शनेही घेतली. ताज्या आलेखात जाड आवाज जवळपास पूर्ववत आहेत आणि बारीक आवाज अजून ५० डेसिबलच्या आसपास आहेत. दडा बसल्याची भावना गेली आहे. गुंई कमी झाली, पण रात्री शांततेत जाणवते. साखर मधल्या काळात बरीच वाढली होती, इन्सुलिनने ती सावरली आणि आता पुन्हा गोळ्यांवर आली आहे.

अडतीवर सौदे चालू असताना गोंगाटात त्यांना बोलणे नीट लागत नाही आणि मोटारसायकलवर मागून येणाऱ्या गाडीची बाजू कळत नाही. यासाठी काही करता येईल का?

नादकाटा (मिरज) | पुढील महिन्यात

ताई, जेवढे परत आले त्याचा मला मनापासून आनंद झाला. आवाजाची दिशा मेंदू दोन्ही कानांतील फरकावरून ठरवतो, त्यामुळे एक बाजू उतरली की ती जाणीव कमी होणे स्वाभाविक आहे. मोटारसायकलला दोन्ही बाजूंचे आरसे नीट बसवून घ्या आणि लेन बदलताना आवाजावर विसंबू नये असे त्यांना सांगा. अडतीवर त्यांची बैठक अशी असावी की उजवी बाजू भिंतीकडे आणि डावा कान बोलणाऱ्यांकडे राहील.

आलेख स्थिरावू द्या. सहा महिन्यांच्या आत पुन्हा एक ऑडिओग्राम करा आणि आधीचे सगळे आलेख त्यासोबत घेऊन जा. वरच्या कंप्रता तेव्हाही उतरलेल्या असतील, तर त्या कानाला श्रवणयंत्र बसवून पाहता येते. त्याने व्यंजने स्पष्ट होतात आणि पुष्कळांची गुंईही दिवसा कमी जाणवते. यंत्र विकत घेण्याआधी काही दिवस चाचणीसाठी मागा आणि ते घरातल्या शांततेत न पाहता अडतीवर लावून पाहा. रात्रीच्या गुंईसाठी पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज चालू ठेवावा. चांगल्या डाव्या कानाला मिरवणूक, फटाके आणि इयरफोनचा मोठा आवाज यांपासून जपावे. आणि पुन्हा कधीही, कोणत्याही कानाला, असा दडा अचानक बसून ऐकणे उतरले, तर त्याच दिवशी ऑडिओग्राम करून घ्यावा.